त्या ‘कॉर्पस’मध्ये जीव आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात एका बेपत्ता तरुणाच्या बातमीशेजारी ‘हेबियस कॉर्पस म्हणजे काय?’ अशी चौकट होती. तिचे पहिलेच वाक्य असे : ‘या लॅटिन शब्दांचा अर्थ मृतदेह हजर करा असा होतो.’ मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. मृतदेहच होता.

मी वकील नाही. आधी एका वकिलांच्या कचेरीत आणि पुढे न्यायालयात मिळून ३४ वर्षे लघुलेखकाची नोकरी केली. ‘याला कायदा येत नाही, पण कायद्याचे शुद्धलेखन येते,’ असे आमचे वकीलसाहेब चारचौघांत सांगत. स्तुती की टोमणा, ते मी कधी विचारले नाही. पण त्या शुद्धलेखनाच्या अधिकारावरच हे पत्र लिहितो आहे.

आधी कबुली देतो. तुमच्या उपसंपादकाला हसण्याचा हक्क मला नाही, कारण हीच चूक मी नोकरीच्या पहिल्या वर्षी केली होती. साहेबांनी इंग्रजीत मजकूर सांगितला, मी टिपून घेतला आणि टंकयंत्रावर ‘हेबियस कॉर्पस’च्या जागी ‘हेबियस कॉर्प्स’ उमटवले. खाली चार कार्बन होते, त्यामुळे मुडदा एकदम पाच प्रतींवर पडला. साहेबांनी तांबड्या पेन्सिलीने त्या शब्दाभोवती गोल काढला, समासात ‘जिवंत हवा’ एवढेच लिहिले आणि कागद परत पाठवला. अख्खे पान पुन्हा टंकावे लागले.

ही चूक होते कशी, हे मात्र मला नीट कळते. लॅटिनमध्ये कॉर्पस म्हणजे देह. इंग्रजीत त्याचे ‘बॉडी’ होते. आणि ‘बॉडी’ मराठीत आली की तिचा जीव जातो. बॉडी ताब्यात घेतली, बॉडी पीएमला पाठवली, बॉडीची ओळख पटली, हे आपण रोज ऐकतो. व्यायामशाळेत कमावलेली बॉडी सोडली तर मराठी माणसाच्या तोंडातली बॉडी बहुधा मेलेलीच असते. लॅटिन शब्दावर अशी सक्ती नव्हती. कॉर्पस जिवंत माणसाचेही असे आणि प्रेताचेही. त्याच मुळापासून इंग्रजीतला प्रेतवाचक ‘कॉर्प्स’ आला, आणि आपण रोज उच्चारतो तो ‘कॉर्पोरेशन’ही. अनेकांनी मिळून कायद्यापुरता धारण केलेला एक देह, तो कॉर्पोरेशन. सोसायटीच्या सभेत ज्याच्यावरून भांडणे होतात त्या ‘कॉर्पस फंडा’तही हाच देह आहे, पैशाचा. यांतल्या कशाचेही भाषांतर करताना कोणी मृतदेह म्हणत नाही. (कॉर्पोरेशनबद्दल काहींचे मत वेगळे असू शकेल.)

ही चूक नुसती विनोदी असती तर मी पत्र लिहिले नसते. ती एका बाईला भोवलेली मी पाहिली आहे.

आमच्या कचेरीत एक बाई आल्या होत्या. मुलाला घरातून उचलून नेल्याला आठ दिवस झाले होते. कुठे ठेवला आहे, कशासाठी नेला आहे, कोणी सांगत नव्हते. साहेबांनी रात्री बसून अर्ज सांगितला, मी तो टंकला. सकाळी बाई सहीसाठी आल्या तेव्हा आमच्या कारकुनाने घाईघाईत कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, ‘बॉडी हजर करायचा अर्ज आहे, इथे सही करा.’ बाईंनी पेन हातात घेतले होते, ते खाली ठेवले. खुर्चीवरून उठल्या आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. रडल्या नाहीत. ‘मग मला आधी का नाही सांगितलंत?’ एवढेच विचारले.

कारकुनाला अजून काही कळले नव्हते. मला कळले, कारण माझ्या पाच प्रती मला आठवत होत्या. मी म्हणालो, ‘मावशी, तसं नाही. जिवंत माणूस कोर्टापुढे आणून उभा करा, असा हा अर्ज आहे.’ त्यांना ते पटायला बराच वेळ लागला. अर्ज इंग्रजीत, त्यातला मुख्य शब्द लॅटिनमध्ये, आणि समजावणारा पंचविशीतला टंकलेखक. त्यांनी सही केली ती माझ्यावर विश्वास ठेवून की थकून, सांगता येत नाही. तारखेला मुलाला हजर केले. मुलगा लंगडत होता, पण आपल्या पायांवर चालत आला. बाई पुढच्या बाकावरून उठून त्याच्याकडे निघाल्या तेव्हा शिपायाने त्यांना खाली बसवले.

तेव्हापासून या दोन शब्दांचा मी नाद घेतला. साहेबांकडची जुनी पुस्तके चाळली, एका लॅटिन जाणणाऱ्या धर्मगुरूंकडे दोन-चार संध्याकाळी जाऊन व्याकरण विचारले. त्यात जे हाती लागले ते थोडक्यात लिहितो. थोडक्यात लिहिणे मला जमत नाही, हे घरचे सांगतील.

‘हाबेआस’ हे क्रियापद आहे. ‘हाबेरे’ म्हणजे असणे, बाळगणे, जवळ ठेवणे; त्याचे हे द्वितीय पुरुषी एकवचन, आणि अर्थ विध्यर्थाचा. इंग्रजीत हे सांगायला चार शब्द लागतात, मराठीत एकच पुरतो : ‘आणावास’. शेवटचा ‘स’सुद्धा कानाला सारखाच लागतो. त्या ‘स’मधला ‘तू’ महत्त्वाचा आहे. ही आज्ञा अटकेतल्या माणसाला नाही, त्याच्या नातेवाइकांना नाही. ज्याने त्याला धरून ठेवले आहे, त्याला उद्देशून आहे. तुझ्या ताब्यात अमुक माणूस आहे असे कळते. तू त्याचा देह आमच्यासमोर आणावास.

जुन्या इंग्लंडमध्ये अशी आज्ञापत्रे (इंग्रजीत ‘रिट’) राजाच्या नावाने लॅटिनमध्ये निघत आणि त्यांतल्या ठळक शब्दांवरून ओळखली जात. अभंग त्याच्या चरणावरून ओळखावा तसेच. म्हणून कायद्यातल्या कितीतरी लॅटिन ‘संज्ञा’ मुळात संज्ञा नाहीतच, चालती-बोलती क्रियापदे आहेत. मँडेमस म्हणजे ‘आम्ही आज्ञा करतो’. कॅव्हेट म्हणजे ‘त्याने सावध असावे’. ॲफिडेव्हिट म्हणजे ‘त्याने शपथेवर सांगितले आहे’. एखाद्या वाक्याचा तुकडा मोडून हातात आला आणि शतकानुशतके घासून त्याचे नाम झाले.

पण हेबियस कॉर्पसच्या मूळ वाक्याचा जो भाग नावात आलाच नाही, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. आज्ञापत्रात देहाबरोबर आणखी दोन गोष्टी मागितलेल्या असत : ‘उना कुम दिए एत काउसा’, म्हणजे धरल्याचा दिवस आणि कारण यांसह. माणूस आण, कधी धरलास ते सांग, का धरलास ते सांग. नुसता देह आणून उभा केला की काम संपले असे नाही. पुढे न्यायालय जे ठरवील ते सोसायला आणि स्वीकारायला तो आणायचा. त्या ‘अद सुबजिसिएन्दुम’ या शेपटीमुळे या प्रकाराचे पूर्ण नाव लांबलचक होते. साक्षीसाठी कैद्याला आणण्याचे आज्ञापत्र वेगळे, त्याची शेपटी वेगळी.

आणि गंमत अशी की हे शब्द स्वातंत्र्याच्या बाजूने जन्मलेलेच नाहीत. तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये न्यायालयात यायला टाळाटाळ करणाऱ्याला, प्रतिवादी असो की ज्यूरीतला माणूस, पकडून आणा, असे अधिकाऱ्याला सांगण्यासाठी ते वापरले जात. म्हणजे आजच्या पकड वॉरंटाचे हे नातेवाईक. १२१५च्या मॅग्ना कार्टातून हेबियस कॉर्पस निघाले, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते (तुमच्या चौकटीतही होते). त्या सनदेच्या ३९व्या कलमात कायद्याशिवाय कोणा मुक्त माणसाला धरू नये असे वचन आहे. हेबियस कॉर्पस हे शब्द तिथे नाहीत. पुढे वरची न्यायालये खालच्या न्यायालयांच्या तुरुंगांतून माणसे आपल्यापुढे ओढून आणण्यासाठी हेच आज्ञापत्र वापरू लागली. त्यात माणसाच्या कळवळ्यापेक्षा हद्दीचे भांडण जास्त होते. पण माणूस समोर आला की ‘याला का धरले?’ हा प्रश्न येतोच, आणि एकदा विचारायची सवय लागली की तो प्रश्न राजालाही चुकत नाही.

राजाला तो १६२७ मध्ये विचारला गेला. पहिल्या चार्ल्सने सक्तीचे कर्ज मागितले, पाच सरदारांनी नकार दिला, राजाने त्यांना तुरुंगात टाकले. हेबियस कॉर्पसला उत्तर आले : राजाच्या खास हुकुमावरून. बस्स. देह हजर, कारणाच्या रकान्यात राजाची मर्जी. न्यायाधीशांनी त्यांना सोडले नाही. पुढच्या वर्षी पार्लमेंटने हक्कांचा अर्ज (‘पिटिशन ऑफ राइट’) राजाकडून मान्य करून घेतला त्यामागे हे प्रकरण होते.

मग १६७९चा कायदा. तोवर तुरुंगाधिकाऱ्यांनी पळवाटा शोधल्या होत्या. पहिले आज्ञापत्र आले की गप्प बसायचे, दुसऱ्याची वाट बघायची, मग तिसऱ्याची. नाहीतर कैद्याला समुद्रापार पाठवून द्यायचे. कायद्याने मुदत बांधली : २० मैलांच्या आत असेल तर ३ दिवसांत आणा, १०० मैलांपर्यंत १० दिवसांत, त्याहून लांब असेल तर २० दिवसांत. न आणणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला पहिल्या वेळी १०० पौंड दंड, दुसऱ्या वेळी २००. आणि सुट्टीचे निमित्त करून आज्ञापत्र नाकारणाऱ्या न्यायाधीशाला ५०० पौंड! हे मी साहेबांना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी उन्हाळी सुट्टीच्या फलकाकडे बोट दाखवून मला पुढे वाचू दिले नाही.

या कायद्याच्या मतदानाची एक आख्यायिका बिशप बर्नेटने लिहून ठेवली आहे. वरिष्ठ सभागृहात मते मोजताना एक लठ्ठ सरदार आला. मोजणाऱ्या लॉर्ड ग्रेने थट्टेने त्याला दहा धरले. समोरच्या मोजणाऱ्याच्या ते लक्षात आले नाही, आणि दहाचे दहाच राहिले. आख्यायिका म्हणून सोडून द्यावी, तर सभागृहाच्या नोंदीत मते ५७ आणि ५५ अशी, म्हणजे ११२ आहेत, आणि हजर सभासद १०७. देह हजर करण्याचा कायदा एका भरभक्कम देहामुळे तरला, यावर विश्वास ठेवायला मला आवडते.

१७७२चे जेम्स सॉमरसेटचे प्रकरण तर चौकटीत यायलाच हवे होते. हा गुलाम माणूस मालकापासून निसटला, पुन्हा पकडला गेला आणि जमैकाला नेऊन विकण्यासाठी थेम्स नदीत उभ्या असलेल्या जहाजावर बेड्या घालून ठेवला गेला. हेबियस कॉर्पस निघाले ते जहाजाच्या कप्तानाच्या नावाने. म्हणजे ‘तू’ हा सरकारी माणूसच असावा लागतो असे नाही. ज्याच्या हातात कुलूप आहे तो ‘तू’. आणि कप्तानाला देहाबरोबर कारण द्यावे लागले. कारण काय, तर हा एकाची मालमत्ता आहे. लॉर्ड मॅन्सफिल्डने ते कारण इंग्लंडच्या कायद्यात बसत नाही म्हणून सॉमरसेटला सोडून दिले. मालमत्तेला कोणी ‘हजर करा’ म्हणत नाही. त्याचे कॉर्पस मागितले गेले तेव्हाच तो अर्धा सुटला होता, असे मला वाटते.

हा देह माणसाचाच हवा का, हाही वाद झाला आहे. न्यू यॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०२२ मध्ये ‘हॅपी’ नावाच्या हत्तिणीसाठी केलेला अर्ज ५ विरुद्ध २ मतांनी नाकारला. नाकारला, पण दोघांना तरी तो पटला होता.

आता आपल्याकडे. राज्यघटनेच्या ३२व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाला आणि २२६व्याने उच्च न्यायालयांना हे आज्ञापत्र काढण्याचा अधिकार दिला आहे. अर्ज अटकेतल्या माणसानेच करावा लागत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याला करता येतो. १९७३ मध्ये कनू सन्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की अटक कायदेशीर आहे की नाही हे तपासण्यासाठी देह प्रत्यक्ष हजर केलाच पाहिजे असे नाही. म्हणजे ज्या शब्दांवरून नाव पडले तेच आता सक्तीचे राहिले नाहीत, आणि जे नावात आले नाही ते ‘कारण’ मात्र टिकले. पुढे तिहारच्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिले, आणि ते पत्रच अर्ज मानून सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या आतल्या वागणुकीसाठीही हे अस्त्र चालते असा निकाल दिला. पत्रे लिहिण्याची खोड असलेल्या माझ्यासारख्याला हा निकाल फार प्रिय आहे.

आणि एकदा खरोखरच कॉर्पसचे मृतदेह होण्याची वेळ आली होती. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना हा अर्ज करता येतो असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सरकार अपिलात गेले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारले की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले, तर आणीबाणीत त्यावर काही उपाय आहे का? माझ्या युक्तिवादाप्रमाणे नाही, आणीबाणी आहे तोवर नाही, असेच उत्तर डे यांना द्यावे लागले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. खन्ना एकटे विरोधात गेले. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना डावलून कनिष्ठाला दिले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चूक ठरवला. त्या पीठातल्या न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तसे लिहिले, आणि १९७६च्या चौघांत त्यांचे वडील होते. वकिली जगात ते १९७६चे प्रकरण ‘हेबियस कॉर्पस केस’ म्हणूनच ओळखले जाते. तुमच्या चौकटीत त्याला एक ओळही नव्हती.

राहिला मराठी शब्दाचा प्रश्न. कायद्याच्या मराठीत ‘देहोपस्थिती’ हा शब्द आहे, आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून हिंदीतले ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ही शिरले आहे. दुसऱ्याने माझे समाधान होत नाही; बंदी म्हणजे मनाई समजणाऱ्या वाचकाला प्रत्यक्ष कशाचे करायचे ते कळत नाही. देहोपस्थिती बरे, लॅटिनच्या जवळचे. पण त्यात ‘तू’ नाही. कोणीतरी आपणहून उपस्थित राहिल्यासारखे वाटते, लग्नाला उपस्थिती प्रार्थनीय म्हणतात तसे. शिवाय साधुसंत ‘देह ठेवतात’, तेव्हा नुसत्या देहालाही मराठीत तिकडचीच ओढ आहे.

कायद्याच्या मराठीला कान नाही असे मात्र मी म्हणणार नाही. ‘को वॉरंटो’, म्हणजे ‘कोणत्या अधिकाराने?’, या दुसऱ्या एका आज्ञापत्राला कोणा भल्या माणसाने ‘क्वाधिकार’ हा शब्द दिला. संस्कृत ‘क्व’ म्हणजे कुठे. लॅटिन ‘क्वो’ आणि संस्कृत ‘क्व’ ही एकाच मुळाची भावंडे, आणि शब्द घडवणाऱ्याने ती पुन्हा शेजारी आणून बसवली. तितका प्रेमळ शब्द हेबियस कॉर्पसला मिळाला नाही.

माझ्या मते तो आपल्याकडे पडून आहे : ‘सदेह’. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले म्हणतो तेव्हा त्यात प्रेताची शंकाही येत नाही. जिवंत, हाडामांसाचा, आहे तसा. बातमीत ‘तरुणाला सदेह हजर करण्यासाठी याचिका’ असे लिहिले तर कोणत्याही आईला भिंतीला टेकावे लागणार नाही. जागा पुरत असेल तर ‘आणि धरण्याचे कारण सांगण्यासाठी’ हेही जोडावे. अक्षरे वाढतील, पण कार्बन लावावा लागत नाही आता.

चौकटीची दुरुस्ती छापावी अशी विनंती. ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत हवी. आतल्या पानाच्या तळाशी, हवामानाच्या शेजारी नको.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक

ता. क. : आपल्या अंकात हा शब्द एकाच बातमीत हेबियस, हेबिअस आणि हॅबियस असा तीन तऱ्हांनी आला आहे. लॅटिन उच्चार हाबेआसच्या जवळ जातो, पण तो आग्रह मी धरत नाही. कोणताही एक धरावा, आणि बेपत्ता तरुणाचे पुढे काय झाले तेही छापावे. बुधवारपर्यंतचे अंक पाहिले, त्यात काही नव्हते.